येये

आमचे आबा चिनी भाषा शिकायला लागलेत, ही बातमी मला शेजारच्या शेवंताबाईंनी दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला बिबडे, म्हणजे जोंधळ्याचे पापड, करू लागायला मी जळगावहून धुळ्याला आले होते. फाटक उघडतेय तोच त्यांनी गच्चीवरून विचारलं, "ममता, तुना बापनी बकरी पाळी का वं?"

"नाही. का हो काकू?"

"मंग रोज सकायमा मा-मा-मा करी कोनले बोलावतस?"

मी आत गेले. बाहेरच्या खोलीत आबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी ताठ बसले होते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात एक चिनी तरुणी हसत होती. ती एकदा 'मा' म्हणायची, मग आबा एकदा 'मा' म्हणायचे. मला बघून त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं, वर्गात उशिरा आलेल्या पोराला सांगतात तसं.

"मा एक नसतो," धडा संपल्यावर ते म्हणाले. "आवाज सपाट ठेवला तर आई. खाली नेऊन वर आणला तर घोडा. जरा चुकलं की आईचा घोडा होतो."

"पण हे कशासाठी?"

"फुकट आहे," आबा म्हणाले.

हे उत्तर काही अगदीच खोटं नव्हतं. फुकट ते पौष्टिक, हा त्यांचा शाळेतून निवृत्त झाल्यानंतरचा धर्मच झाला होता. मोबाइलवर फुकट शिकवतात हे कळल्यापासून ठिबक सिंचनापासून ग्रीक तत्त्वज्ञानापर्यंत सगळं त्यांनी चाखून पाहिलं होतं. प्रमाणपत्र हवं तर पैसे मोजा, नुसतं शिकायचं तर या बसा, अशी ती सोय. पण चिनी? पेपरात चीनची बातमी आली तर पान उलटणारा हा माणूस. आमच्या घरात तो देश नकाशावरून कधीच पुसला गेला होता.

त्याला कारण माझा धाकटा भाऊ, प्रेमराज. त्याला आबांनीच चीनला पाठवलं, एमबीबीएस करायला. इथं नंबर लागला नाही, तिकडं लागला. पोरगा विमानात बसायच्या आधीच आबा सोनगीरला, आमच्या मूळ गावी जाऊन सगळ्यांना 'आमचे डॉक्टर' म्हणून सांगून आले होते. प्रेमराजनं तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं. तिकडच्याच एका गावात तो मालाच्या धंद्यात पडला, इथल्या व्यापाऱ्यांना खेळणी आणि छत्र्या पाठवायला लागला आणि पुढं लिन नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. लग्नानंतर तो तिला घेऊन यायला निघाला होता. आबांनी माझ्या तोंडून निरोप दिला, यायचं तर एकटा ये. तो आला नाही. मग करोनानं दारंच लावून घेतली, आणि ती उघडली तेव्हा दोघांनाही न बोलायची सवय लागून गेली होती.

आई मात्र बोलायची. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती प्रेमराजशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. त्यांच्याकडं आपलं व्हॉट्सॲप सरळ चालत नाही, पण तो काहीतरी जुगाड करून फोन लावायचा. आबा त्या वेळात बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. मधे एक भिंत आणि एक उघडं दार, म्हणजे ऐकू सगळंच जायचं. त्यांना नात झाली, रूपा नाव ठेवलं, ती रांगायला लागली, हे सगळं आबांना त्या दारातूनच कळलं.

ही रूपा चालायला लागली आणि फोनवर एकच शब्द बोलायला लागली. ये-ये. आई दिसली की मान उंच करायची, हात हलवायची आणि म्हणायची, ये-ये, ये-ये. आईला आकाश ठेंगणं झालं. "पोरगी माले बोलाई ऱ्हायनी," असं ती गल्लीभर सांगत सुटली. चिनी घरात जन्मलेली पोर, पण रक्तातली भाषा कशी बोलते बघा, असं भाजीवाल्या सुपडूपर्यंत सगळ्यांनी ऐकून घेतलं. आई फोनमध्ये बघून सांगायची, "येसू वं माय, येसू."

आबांनीही ते ऐकलं होतं, आणि त्यांनाही त्यात तेवढंच ऐकू आलं. मी एकदा दिवाळीत घरी असताना कॉल संपल्यावर ते माझ्याजवळ बोललेही होते. "पोरीला शिकवून ठेवलंय. आम्हाला म्हणतो, ये. आम्ही यायचं? त्याला पाय नाहीत का?" तो राग त्यांनी चांगला जपून ठेवला. दर रविवारी ती कोवळ्या आवाजात ये-ये म्हणायची आणि दर रविवारी आबांच्या पेपरचं पान जरा जोरात उलटलं जायचं.

आता ते चिनी शिकत होते. विचारलं असतं तर शत्रूची भाषा यायला हवी, असं काहीतरी म्हणाले असते. मी विचारलं नाही. मला दिसत होतं. प्रेमराज आणि लिन फोनवर मधेच आपसात चिनीत बोलायचे आणि आबांना ते कळत नव्हतं. त्यांच्या घरातली एवढी एक गोष्ट त्यांना त्या दारातून ऐकू येऊनही समजत नव्हती, आणि मास्तरला ते कसं सहन व्हावं?

दुपारी धुळ्याचं ऊन भिंतीतून आत येतं. पंखा बाहेरच्या खोलीत, म्हणून मीही त्यांच्याशेजारी बसायला लागले. 'चिनी भाषा आणि संस्कृती, पहिली ओळख' असा तो कोर्स होता. शिकवणारी पोरगी माझ्याहून लहान, पण आबा तिला मॅडम म्हणायचे. चित्रीकरण कधीचं कुणास ठाऊक, तरी मॅडमसमोर बनियनवर बसायचं नाही, हा नियम होता.

आणि पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्यांची परीक्षा पाहिली. चिनीत 'आहे' या शब्दाला 'शर्' असं काहीतरी म्हणतात. जीभ मागं वळवायची आणि अर्धवट सोडून द्यायची. मोबाइलसमोर म्हणायचं आणि मोबाइल सांगणार बरोबर की चूक. आबा म्हणायचे, "शे." मोबाइल म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. आबा पुन्हा जोर लावून म्हणायचे, "शे."

मी पोट धरून हसले. कारण या माणसानं उभी हयात शाळेत मराठी शिकवलं आणि पोरांच्या तोंडातून 'शे' काढलं. 'पाणी शे' म्हटलं की उभं राहायचं, 'पाणी आहे' असं पाच वेळा म्हणायचं. घरातही तेच. आई अहिराणी बोलायची ती तिच्यापुरती. आम्ही भावंडांनी तिला माय म्हणायचं नाही, आईच म्हणायचं. आणि आता साता समुद्रापलीकडची एक मॅडम त्यांना आहे म्हणायला शिकवत होती आणि त्यांच्या तोंडून सोनगीरचं शे बाहेर पडत होतं.

"हसू नकोस," आबा म्हणाले. पण तेही हसले, आणि ते हसले म्हणून आई पिठाचे हात घेऊन दारात बघायला आली. त्या दोन-चार दिवसांत घर फार चांगलं होतं. आईला मामा म्हणतात हे कळल्यावर आई म्हणाली, "मंग मामाले काय म्हंतस?" तर त्यालाही शब्द होता. चिनी भाषेत प्रत्येक नात्याला वेगळा शब्द असतो, आपल्यासारखाच. इंग्रजीसारखं सगळ्यांना अंकल म्हणून मोकळं होत नाहीत. आबांना हे फार आवडलं.

नात्यांचाच धडा होता तो. पडद्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं. मॅडम एकेकावर बोट ठेवत होत्या आणि आबा त्यांच्यामागून म्हणत होते. बाबा, म्हणजे बाबाच. पप्पा म्हटलं तरी चालतं. मग मॅडमनी पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "येये."

 आबांनी बोटानं चित्र मागं नेलं. "येये," मॅडम पुन्हा म्हणाल्या. वडिलांचे वडील. पुढं त्या समजावून सांगत होत्या की आईच्या वडिलांना निराळा शब्द आहे, दोन्ही आजोबांमध्ये गल्लत करू नका. आबांनी परत मागं नेलं.

मी आधी त्यांच्याकडं बघत होते, मग मला कळलं. 

"अगं ए, इकडं ये," आबांनी आईला हाक मारली. ती आल्यावर त्यांनी विचारलं, "रूपा फोनवर काय म्हणायची?"

"ये-ये म्हने. बोलावे ना माले."

"अजून म्हणते?"

"आते नही. आते मोठी व्हयनी, शाळामा जास. चालाले लागनी तैपासून म्हने, मंग बंद व्हयनं." आईनं आमच्या दोघांची तोंडं पाहिली. "काय व्हयनं?"

आबांनी तिला मोबाइल दाखवला. त्या म्हाताऱ्याचं चित्र पडद्यावर तसंच होतं. "ती तुला बोलावत नव्हती," ते म्हणाले. "येये म्हणजे आजोबा. वडिलांचे वडील. ती मला हाक मारत होती."

आई दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, तिचं ते बोलावणं हातातून गेलं म्हणून. तिनं त्याचा विचारही केला नाही. "पोर मना खांदावरथीन मांगे देखे," ती सावकाश म्हणाली. "मान उंच करीसनी देखे. माले वाटे, भीतवरनं कॅलेंडर देखी ऱ्हायनी." मग ती आबांकडं वळली. "ती तुमले धुंडे. आनि तुम्ही आठेच व्हतात, बाहेरनी खोलीमा. भीतना आल्याड."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, तो पोरीच्या तोंडून मला बोलावतोय," ते म्हणाले. "एवढी लहान पोर. मी तिच्यावर रागवलो."

आई पिठाकडं परत गेली. जोंधळ्याचं शिजवलेलं पीठ थांबत नाही, त्याचे गरम गरमच बिबडे घालावे लागतात.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी प्रेमराजला फोन केला आणि चांगलं फैलावर घेतलं. येये म्हणजे आजोबा हे तुला माहीत होतं, तर इतकी वर्षं तोंड शिवून का बसलास?  तो म्हणाला, "आबांचा फोटो आहे माझ्याकडं, शाळेतला. मीच तिला दाखवायचो, हे बघ तुझे येये. फोन लागला की ती त्यांना शोधायची."

"मग सांगायचं ना तसं."

"आई किती खूश व्हायची, ताई. आणि आबा बाहेर ऐकतायत हे मला माहीत होतं. वाटायचं, एक दिवस तरी विचारतील, काय म्हणतेय ती म्हणून. विचारलं असतं तर सांगणार होतो."

खाण तशी माती, दुसरं काय. एकानं विचारायचं नाही आणि दुसऱ्यानं सांगायचं नाही. मधल्या मधे एक बाळ हाका मारून मारून थकलं. मी विचारलं, आता का म्हणत नाही ती?

"कुणी ओच देत नव्हतं," प्रेमराज म्हणाला. "तिला वाटायला लागलं, येये म्हणजे फोटो. मग मी फोटो दाखवायचंही सोडलं."

हे मी आबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं हे मला अजून ठरवता येत नाही. पण ते ज्या उमेदीनं पुढच्या रविवारच्या तयारीला लागले होते, ते बघून माझी जीभ रेटली नाही. त्यांनी एक वाक्य ठरवलं होतं. मी तुझा आजोबा आहे. चिनीत वो शर् नी द येये. दिवसभर तेच चाललं होतं. अंघोळीच्या पाण्याच्या आवाजातून ते ऐकू यायचं, तुळशीला पाणी घालताना ऐकू यायचं. 'शर्' अजून पुरतं बसलं नव्हतं. शनिवारी मोबाइल एकदाचा बरोबर म्हणाला तेव्हा ते आईला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत गेले. बैल गेला नि झोपा केला असं कुणी म्हटलं असतं, पण त्या दिवशी मलाही वाटत होतं की बैल अजून दाराशीच असेल.

रविवारी आबांनी दाढी केली. आईनं या वेळी मोबाइल ओट्यावर ठेवलाच नाही, बाहेरच्या खोलीत आबांच्या टेबलावर आणून ठेवला आणि ती त्यांच्यामागं उभी राहिली. तिच्याशेजारी मी.

फोन लागला. पडद्यावर आधी प्रेमराज आला. तो 'आई' म्हणायला गेला आणि समोर आबा बघून त्याचे ओठ तसेच राहिले. आबांनीही त्याला पाहिलं. पोरगा कानाजवळ पांढरा झाला होता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पण ते त्याच्याशी काही बोलले नाहीत. त्यांचं वाक्य सांडून जाईल अशी भीती वाटत असावी. त्यांनी नुसता हात केला, पोरीला आण.

रूपा आली. केसांच्या दोन शेंड्या, नाक आमच्या आईचं. तिच्या हातात रंगाची कांडी होती. तिनं पडद्यात पाहिलं आणि आईच्या जागी कुणी भलतंच बसलेलं बघून ती जरा मागं सरकली.

"वो शर् नी द येये," आबा म्हणाले. स्वच्छ म्हणाले. मॅडमनी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती.

रूपानं त्यांना नीट न्याहाळलं. मग ती बाजूला बसलेल्या लिनकडं वळली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "मामा, ज ग येये शर् शेइ?"

अवघड काहीच नव्हतं त्यात. सगळे पहिल्या तीन-चार धड्यांतले शब्द. मलासुद्धा समजले, मग आबांना समजायला किती वेळ लागणार? आई, हे आजोबा कोण आहेत? तिकडं रस्त्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला पोरं येये म्हणतात, आपण बाबा म्हणतो तसं. तेवढ्याच आदरानं तिनं त्यांना येये म्हटलं होतं.

लिननं घाईघाईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. प्रेमराजनं कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि मग खाली.

"आबा," तो म्हणाला, "ती... ती तुम्हाला नमस्कार म्हणतेय."

इतक्या वर्षांनी त्यानं आबांना उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. आबांना ते खोटं आहे हे कळलं होतं, आणि प्रेमराजला थोड्या वेळानं उमगलं की त्यांना कळलंय. मी दोघांचीही तोंडं बघत होते. आमच्या घरात इतक्या मायेनं कुणी कुणाशी खोटं बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हो," आबा म्हणाले. "कळलं मला."

"चिनी कुठं शिकलात?"

"मोबाइलवर. फुकट शिकवतात." मग ते थोडे पुढं वाकले आणि रूपाकडं बघून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. रूपानं ऐकून घेतलं. "हाओ," म्हणाली, आणि कांडी घेऊन आपल्या चित्राकडं निघून गेली. पुढं प्रेमराज आणि आबा उन्हाविषयी बोलले. इकडं फार आहे, तिकडंही आहे. मग जुगाड अडकला आणि पडदा काळा झाला.

आईनं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. ती कधी ठेवत नाही. "येये म्हने ना ती?" तिनं विचारलं. "मी आयकं. तुमले हाक मारी ना?"

मी म्हणणार होते, हो आई, मारली. पण आबांनी माझ्याकडं पाहून नको म्हणून मान हलवली.

"विचारत होती," ते म्हणाले. "हे आजोबा कोण आहेत म्हणून."

आईचा हात तिथंच राहिला. "मंग? सांगं ना तुम्ही?"

"सांगितलं. दोनदा सांगितलं," आबा म्हणाले. "ती 'बरं' म्हणाली."